‘तू कोण विचारणारी?’



मागच्या महिन्यात वस्तीतल्या आमच्या सल्ला केंद्रात एक बैठक झाली. तक्रार नेहमीचीच. नवरा दारू पिऊन मारतो, घरात पैसे देत नाही. तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या कपाळावर चार टाके होते. सासरची पाच-सहा माणसं जमली आणि सगळ्यांच्या वतीने थोरले दीर बोलायला लागले. टाक्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ‘आधी हिचं वागणं तपासा,’ म्हणाले. कामावरच्या एका माणसाशी ती बोलते, घरी उशिरा येते, घराण्याची अब्रू गेली वगैरे. या दिरांनी स्वतःची पहिली बायको टाकून दुसरी केलेली, हे साऱ्या वस्तीला ठाऊक. आमच्यातल्या एकीला राहवलं नाही. ती म्हणाली, ‘भाऊ, टाकलेल्या वहिनींना आधी पोटगी द्या, मग हिची अब्रू मोजा.’ दीर गप्प बसले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात सासूबाई सुनेकडे वळल्या. ‘आणि तू गं? नवऱ्याच्या खिशातले पैसे काढतेस, खोटं बोलून त्या माणसाबरोबर फिरतेस. तू कोण माझ्या लेकाला विचारणारी?’ सुनेने मान खाली घातली. कारण सासूबाई बोलल्या त्यातलं बरंचसं खरं होतं. तिने ते आम्हाला आधीच सांगितलं होतं. टाक्यांचा विषय तिथेच राहिला. पुढची तारीख ठरली आणि सगळे उठले.

परत येताना आम्ही कुणी फारसं बोललो नाही. ज्या वाक्याने आम्ही दिरांचं तोंड बंद केलं, त्याच वाक्याने आमच्या बाईचंही झालं होतं. जो स्वतः वाईट वागतो त्याला दुसऱ्याच्या नीतीचा न्याय करायचा हक्क आहे का? ‘अजिबात नाही’ असं उत्तर आपल्या ओठांवर तयार असतं. पण ते उत्तर आपल्याला परवडणारं आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होत होत पाच वर्षांवर आली. पण या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या अनीतीवर टीकेची झोड उठली. त्या मुलाच्या बापाचं नाव कुणी विचारत नव्हतं. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता, तरी वरच्या जातींत विधवेला लग्नाची वाट बंदच होती. तिची वाट अडवणारे, तिला नादी लावणारे आणि तिच्यावर निकाल देणारे हात एकाच समाजाचे होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्या समाजाला उभं-आडवं घेतलं.

आपण ताराबाईंचा संताप आठवतो, पुस्तकाचं नाव मात्र नीट वाचत नाही. त्यांनी ‘तुलना’ केली. पुरुष वाईट, म्हणून बाईला सगळं माफ, असं त्या म्हणत नाहीत. जे दुर्गुण तुम्ही बाईच्या नावावर लिहिता ते तुमच्यात नाहीत का, एवढंच त्या विचारतात. म्हणजे दोघांना एकच तराजू लावा. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी अशा विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. येणारीची नीती तपासून मग दार उघडायचं, असा तिथे नियम नव्हता.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या किशोरवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी होते तिथलेच दोन पोलीस. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, ही गोष्ट तिच्याविरुद्ध धरली गेली. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यातलं एक कलम शिल्लकच राहिलं. बलात्काराची फिर्याद करणारी बाई एकूणच अनैतिक चारित्र्याची आहे, असं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा ते कलम देत होतं. ते २००२ च्या दुरुस्तीने गेलं. ‘तू कोण विचारणारी?’ या वाक्याला तब्बल १३० वर्षं कायद्याचा आधार होता!

म्हणून, ज्याचे हात स्वच्छ त्यानेच बोलावं, हा नियम ऐकायला कितीही चांगला वाटला, तरी आपण तो मानू नये. त्याचा पहिला बळी बाईच असते. शिवाय भाषेनेच इथे डाव साधलेला आहे. पुरुषाचं चारित्र्य म्हणजे पैशाअडक्यातला सचोटीचा व्यवहार, बाईचं चारित्र्य म्हणजे तिचं शरीर!

आम्हाला असं वाटतं, की बोलणं आणि निवाडा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्यायाबद्दल कुणीही बोलावं. खोटं बोलणाऱ्या बाईच्या कपाळावरचे टाके खोटे होत नाहीत. पण जो निवाड्याला बसतो, ज्याच्या शब्दाने कुणाचं घर, नोकरी, मुलं जाऊ शकतात, त्याला त्याच तराजूत आधी स्वतः बसावं लागेल. दिरांना त्यांच्या पहिल्या बायकोबद्दल विचारणं चूक नव्हतं. ते निवाडा करायला बसले होते, म्हणून विचारायलाच हवं होतं. आमची चूक एवढीच, की त्यांना गप्प करून आम्ही थांबलो. टाक्यांकडे परत वळलो नाही.

आता आपल्या अंगणाविषयी. समतेवर तासभर बोलणारा कार्यकर्ता घरी बायकोवर हात उचलतो हे कळल्यावर ‘त्याचं काम मोठं आहे’ असं आपण कधी म्हटलं नाही का? शिबिराला जाताना घरकाम करणाऱ्या बाईची रजा कापली नाही का? आपला तो बाब्या, हा न्याय आपल्याही घरात चालतो. हे कबूल केलं म्हणून आपला बोलायचा हक्क जात नाही. उलट आपण तराजू लपवलेला नाही, हे समोरच्याला दिसतं.

पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न टाक्यांचा असेल. बायकोच्या वागण्याने नवरा दुखावला असेल, तर ते त्याने जरूर सांगावं. आम्ही ऐकू. तिला वेगळं व्हायचं असेल तर तेही ऐकू. पण हात उचलण्याची किंमत तिच्या वागणुकीतून वळती करून घेता येणार नाही. आणि ‘तू कोण विचारणारी?’ असं पुन्हा कुणी म्हणालं, तर तिने मान वर करून सांगावं, ‘जिला मार बसला ती.’

तुमच्या गावात, संघटनेत, घरात हा प्रश्न कसा उभा राहिला, तुम्ही काय केलंत, कुठे चुकलात, जरूर लिहा.

– संपादक मंडळ