आजोबांची 'विलायती' सायकल

भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, की मुर्धा आणि राई मागे टाकून मोरवा लागते. गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिथे गेलो होतो. आमचे एक जुने स्नेही तिथल्या बैठ्या चाळीत राहतात. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आमची खोलीला खोली लागून होती. कुटुंब वाढले, जागा पुरेना, म्हणून हे कुटुंब इकडे आले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली.

जयभीम झाला, चहा झाला. मग स्नेह्यांचा मुलगा म्हणाला, "काका, आमच्या घरात एक भांडण चाललंय. तुम्हीच सोडवा."

भांडण होते सायकलवरून. पडवीत प्लॅस्टिकच्या कागदाखाली त्याच्या आजोबांची सायकल उभी होती. काळी, उंच दांड्याची, सळईच्या ब्रेकची. मागच्या चाकाचा हब मात्र नेहमीसारखा बारीक नाही, चांगला जाडजूड. त्यातून एक बारीक साखळी बाहेर येते, तिला तार जोडलेली आणि ती तार हँडलवरच्या लहान खटक्यापर्यंत गेलेली. म्हणजे सायकल गिअरची, पण गिअर कुठे दिसत नाहीत! सगळे हबच्या पोटात.

मुलगा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करतो. पाळी रात्री उशिरा सुटते. त्या वेळी बस मिळत नाही आणि रोजची रिक्षा पगाराला झेपत नाही. म्हणून त्याला ही सायकल चालती करायची होती. मोटर बसवायची, डिस्क ब्रेक लावायचे, रंग काढून नवा मारायचा, असा त्याचा बेत. आजी म्हणत होती, "ह्यांच्या सायकलीला हात लावायचा नाही." आमचे स्नेही म्हणत होते, "जागा अडलीय, देऊन टाका." त्यात जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस येऊन गेला होता. हबवर इंग्लंडचे नाव वाचून 'अस्सल विलायती आहे' असे सांगून त्याने बरी किंमतही बोलली होती.

आम्ही म्हटले, "विकायची की बदलायची हे नंतर ठरवू. आधी ही सायकल आहे तरी कोणाची, कुठली, ते पाहू."

फडके आणि थोडे रॉकेल घेऊन बसलो. हबवरचा मळ निघाला तशी अक्षरे दिसू लागली. स्टर्मी-आर्चर, इंग्लंड. त्याखाली 'ए.डब्ल्यू.' आणि '६१' हा आकडा. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा हब असेल तर त्यांनी हा आकडा जरूर पाहावा. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या या हबांवर साल ठोकलेले असते. ६१ म्हणजे १९६१. ए.डब्ल्यू. हा त्यांचा तीन गिअरचा हब. मधल्या गिअरमध्ये चाक चेनच्या चक्राबरोबर सरळ फिरते, हलक्या गिअरमध्ये पाऊण फेरा फिरते आणि जड गिअरमध्ये एक फेरा अधिक एक तृतीयांश. चढ असो, समोरचा वारा असो, पाय थकत नाहीत.

पण हबचे साल म्हणजे सायकलचे साल नव्हे. चाक कधीही बदलता येते. म्हणून मग हँडलच्या खाली, पुढच्या नळीवर पाहिले. तिथे रंगाचा जाड थर होता. नखाने, मग लाकडाच्या काडीने हळूहळू खरवडला. आत पितळी बिल्ला निघाला. त्यावर इंग्लंडचे नाव नाही, नॉटिंगहॅमही नाही. तिथे होते 'हिंद'.

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे विलायती नाहीच?"

आजी ओट्यापाशी भाजी निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "मला ठाऊक होतं. पण विलायती म्हटलं की पोरं जरा जपून हात लावायची. म्हणून बोलले नाही."

आम्ही सगळेच हसलो. पण आजी पुढे जे बोलली ते ऐकून गप्प झालो. ती म्हणाली, "हे हिंद सायकलमधेच कामाला होते. चाकं जुळवायच्या खात्यात. आरे ताणून चाक सरळ करायचं, तेच त्यांचं काम. ही सायकल पगारातून पैसे कापून घेतलेली."

नव्या पिढीला सांगायला हवे, की सायकल म्हटली की फक्त लुधियाना नव्हे. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. स्वातंत्र्याआधीच ज्या मोजक्या भारतीय कारखान्यांत सायकली बनू लागल्या, त्यांतला तो एक. मद्रासजवळचा टी.आय. सायकल्स १९४९ चा, सोनीपतचा ॲटलस १९५१ चा, लुधियान्याचा हिरो १९५६ चा. हे सगळे नंतरचे. पुढे हिंदचे दिवस पालटले. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्या सरकारकडे घेतल्या. वरळीचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला. पुढे तोही बंद पडला. आज वरळीत 'हिंद सायकल रोड' हे रस्त्याचे नाव उरले आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना ते नाव कशावरून पडले हे ठाऊक असेल?

आता प्रश्न उरला हबचा. हिंदच्या सायकलीत इंग्लंडचा हब आला कसा? आम्ही मागच्या चाकाचे आरे मोजले. ४० भरले. पुढच्या चाकाचे मोजले, ३२. जुन्या इंग्रजी सायकलींची हीच रीत, पुढे ३२ आणि मागे ४०. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनीही तीच उचलली. म्हणून इंग्रजी हबची ४० भोके आणि हिंदच्या रिमची ४० भोके बरोबर जुळली. पण जुळतात हे माहीत असायला आणि आरे घालून चाक सरळ करायला हात जाणता हवा.

आजीने तेही उलगडून सांगितले. "मोरव्याला आलो तेव्हा हे इथून सायकलनं भाईंदर स्टेशनला जायचे, मग गाडीनं वरळीला. येताना कॅरिअरला रेशन, आणि खाडीकडचा वारा तोंडावर. पाय भरून यायचे. मग कुठल्या तरी मोडीत निघालेल्या सायकलीचा हा गोळा आणला आणि दोन रात्री बसून चाक बांधलं. दिव्याच्या उजेडात मीच आरे हातात देत होते."

आम्ही मुलाकडे पाहिले. तो हबवरून बोट फिरवत होता. ज्या सायकलीला हात लावू नये म्हणून घरात भांडण होते, ती आजोबांनी स्वतःच बदललेली होती! कामावर जाण्यासाठी, वाऱ्याला तोंड देण्यासाठी. नातवालाही तेच करायचे होते. कामकरी माणसाची सायकल ही अशीच असते. ती कपाटात ठेवायला घेतलेली नसते.

म्हणून आम्ही आजीला म्हटले, "आजी, पोराला बदलू द्या. पण आजोबांनी बदलली तशी, मोडतोड न करता." आजीने जरा विचार केला आणि म्हणाली, "कापायची नाही. आणि चाक काढायचं नाही." एवढ्यावर समेट झाला.

मग भाईंदरच्या एका वयस्कर सायकलवाल्याला बोलावून काय करायचे ते ठरले. इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथे लिहितो.

पहिले काम ब्रेकचे. सळईचे ब्रेक रिमला आतून घासतात. लोखंडी रिम पावसात ओली झाली की रबर घसरते आणि सायकल लवकर थांबत नाही. म्हणून रबरे नवी घालावीत आणि पावसात वेग कमी ठेवावा. अधिक खात्री हवी असेल तर पुढच्या चाकात ड्रम ब्रेकचा हब बसवता येतो. त्यासाठी फ्रेम कापावी लागत नाही. डिस्क ब्रेकसाठी जुन्या फोर्कला वेल्डिंग करावे लागते, म्हणून तो बेत सोडला.

दुसरे, मोटर. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत बंद होणारी मोटर असेल तर नोंदणी लागत नाही. पण कायद्याने चालते म्हणून सायकलला झेपतेच असे नाही. पुढच्या चाकातली मोटर जुन्या फोर्कला ओढते आणि वाढलेल्या वेगाला सळईचे ब्रेक पुरे पडत नाहीत. मुलाने मोटरचा नाद सोडला. तीन गिअर आहेत तेच पुरेत म्हणाला.

तिसरे, टायर. या सायकलीला २८ बाय दीडचा टायर लागतो. तो आजही मिळतो. नव्या फॅशनच्या सायकलींच्या टायरवरही कधी कधी २८ लिहिलेले असते, पण तो वेगळा. टायरच्या कडेला बारीक आकडा पाहावा. ६३५ असेल तर आपला, ६२२ असेल तर परत करावा.

चौथे, हब. ओव्हरऑईल करताना यात घट्ट ग्रीस भरू नये. हबवर लहान झाकण असते, त्यातून पातळ तेलाचे थोडे थेंब सोडावेत. तार मात्र बरोबर ताणलेली हवी. ती ढिली असली तर मधल्या आणि जड गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळे सुटते आणि उभ्याने जोर लावणारा माणूस दांड्यावर आपटतो. काही भाग झिजला असला तरी घाबरू नये. स्टर्मी-आर्चर २००० सालापासून तैवानच्या कंपनीकडे आहे आणि तीन गिअरचे हब अजून बनतात.

पाचवे, दिवा. पुढे बॅटरीचा चांगला दिवा, मागे लाल दिवा. यात जुन्या-नव्याचा वाद नाही. रात्री सुटणाऱ्या माणसाचा जीव त्यावर आहे.

आणि शेवटचे, रंग. जुना रंग घासून काढू नये. साबणाच्या पाण्याने पुसावे, वर तेलाचा हात फिरवावा. खाडीच्या खाऱ्या हवेत हे महिन्यातून एकदा तरी करावे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी.

ज्यांना जुन्या सायकली एका जागी पाहायच्या असतील त्यांच्यासाठी पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बनलेली बी.एस.ए.ची घडीची सायकलही तिथे आहे. मुलांना घेऊन जावे.

निघताना आम्ही मुलाला शंभर पानी वही आणायला सांगितली. पहिल्या पानावर आजीच्या तोंडून ऐकलेले सगळे लिहायचे. कारखाना कुठला, खाते कोणते, चाक कधी आणि का बांधले. दुसऱ्या पानापासून त्याने स्वतः काय बदलले ते, तारखेसह. आपल्या आजोबा-पणजोबांनी गिरण्यांत, गोदीत, कारखान्यांत जन्म घालवला. त्यांची नावे कंपनीच्या इतिहासात छापली गेली नाहीत. कारखाना बंद झाला की हजेरीपटही गेले. उरली ती घरातली एखादी वस्तू आणि ती ओळखणारे एखादे म्हातारे माणूस. वस्तू टिकेल, माणूस किती दिवस?

तेव्हा वाचकहो, या रविवारी घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा. माळ्यावरची, पडवीतली जुनी वस्तू पुढे ठेवा आणि विचारा. हातात वही असू द्या.

परवा मोरव्याहून निरोप आला. सायकल चालू झाली. पहिल्या रात्री मुलगा कामावरून घरी आला तेव्हा आजी दारात उभी होती. तिने आधी चाकाला हात लावून पाहिला, मग नातवाला विचारले, "वारा होता का रं?"