गोळीचं नाव पाकिटावर असतं

औषधाच्या डब्याच्या तळाशी एक सुटी पिवळी गोळी सापडली, तर काय करायचं? अलीकडे ठासून सांगितलं जातं : मोबाइलवर फोटो काढा, अ‍ॅप नाव सांगेल, गोळी वाया घालवू नका. औषधं महाग झालीत, डॉक्टरांकडे रांगा असतात आणि वर्षानुवर्षं गोळ्या घेणारा माणूस आपली गोळी नजरेनेच ओळखतो, अशी या सल्ल्याला जोड.

महागाई खरी आहे. पण एका सुट्या गोळीपायी जीव धोक्यात घालणं म्हणजे काटकसर नव्हे. नजरेचं म्हणाल, तर मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं की तेच औषध निराळ्या रंगात येतं.

सगळ्यात घातक आहे तो अ‍ॅपवरचा भरवसा. ही कल्पना अमेरिकेची, आणि तिथे तिला आधार आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ साली नियम केला. तो १९९५ मध्ये लागू झाला आणि थोडे अपवाद सोडता प्रत्येक गोळीच्या अंगावर अक्षरा-आकड्यांची खूण बंधनकारक झाली. रंग, आकार आणि खूण जुळवली की औषध, त्याची मात्रा आणि कंपनी कळते. भारतात काही कंपन्या खूण उमटवतात, पण तशी सक्ती नाही. आपल्याकडे औषधाचं नाव, बॅच, मुदत हे सारं छापलं जातं वेष्टनावर. पाकिटातून निघालेली गोळी निनावी होते. जी माहिती गोळीवर नाहीच, ती कॅमेरा आणणार कुठून?

ती पिवळी गोळीच घ्या. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, तेही आठवड्यातून एकदाच. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक अ‍ॅसिड लिहून देतात. अनेक कंपन्यांच्या या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असतात, आणि एकाच रुग्णाच्या डब्यात असतात. फॉलिक अ‍ॅसिड समजून मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं, तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात. यात माणसं दगावलीही आहेत. फोटोत मात्र दोन्ही पिवळ्याच! असल्या अंदाजाला सल्ला म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे.

पाकीट कापून विकावं की नाही, हा वाद जुनाच. रोजंदारीवरच्या माणसाला चारच गोळ्या परवडत असतील, तर त्याला अख्खं पाकीट घ्यायला लावता येणार नाही. पण कात्री कुठे चालवायची, हे त्या वादात कुणी बोलतच नाही. नाव आणि मुदत छापलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या हाती पडलाच पाहिजे.

घरीही गोळ्या पाकिटातच ठेवाव्यात आणि नाव-मुदतीचा भाग शेवटपर्यंत जपावा. डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. अनोळखी सुटी गोळी कुणीही घेऊ नये. ती फार्मासिस्टला दाखवावी आणि त्यालाही खात्री नसेल तर टाकून द्यावी.

लहान मुलाने गोळी गिळली असेल, तर ओळख पटेपर्यंत थांबू नये. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची एक गोळीही मुलाची साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते, आणि तेही काही तासांनी. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. उरलेल्या गोळ्या आणि रिकामं पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस मार्गदर्शन करतं.