स्वीडनमधील सुगीचे दिवस



सोयाबीनची मळणी उरकत आली असेल. ज्यांच्याकडे भात आहे त्यांनी विळ्यांना धार लावून ठेवली असेल. अशा धांदलीत हरभऱ्याची बीजप्रक्रिया सांगायची सोडून हा माणूस स्वीडनच्या गप्पा काय मारत बसला, असे तुम्ही म्हणाल. बीजप्रक्रिया पुढच्या अंकात सांगतो, चुकवणार नाही. आज मात्र थोडे घरचे ऐका.

आमची थोरली मुलगी स्वीडनमधील गोथेनबर्ग या बंदराच्या शहरी नोकरी करते. गेल्या वर्षी सप्टेंबर अखेरीस तीन आठवड्यांची रजा काढून मी आणि सौ. तिच्याकडे जाऊन आलो. नात सहा वर्षांची आहे, तिला पाहायला म्हणून गेलो होतो. पण शेतीखात्याच्या माणसाची नजर शेतावरच जायची. त्यांच्या भाषेत या ऋतूला 'हॉस्त' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ कापणीतच आहे. आम्ही पोचलो तेव्हा धान्य घरात आले होते आणि नांगरलेल्या रानात गव्हाची पेरणी झालेली होती. हा गहू उगवतो, मग बर्फाखाली सारा हिवाळा काढतो आणि पुढच्या ऑगस्टात कापणीला येतो. आपला गहू चार महिन्यांचा, त्यांचा जवळजवळ वर्षाचा पाहुणा!

डिसेंबरात तिकडे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. चार-पाच महिने जमीन काही देत नाही. त्यामुळे शरदातले त्यांचे जे काही सण आणि खाणेपिणे आहे, त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हिवाळा येण्याआधी मिळेल ते वेचा, भाजा, वाळवा आणि भरून ठेवा.

मुलीच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीचा कणा ताठ. त्यांच्या नातवाबरोबर आमची नातही त्यांना 'मूरमूर' म्हणते. 'मूर' म्हणजे आई. आईची आई म्हणून मूरमूर, आणि वडिलांची आई असेल तर फारमूर. नात्यांची अशी चोख विभागणी पाहून मला गंमत वाटली. सौ. मात्र पहिल्या दिवशी जरा गप्प झाली. सख्खी आजी दाराशी उभी, आणि पोरगी 'आजी, आजी' करीत शेजारी पळाली, तर कोणाला बरे वाटेल?

एका शनिवारी त्या आजींनी आम्हा सगळ्यांना रानात नेले. स्वीडनची सुमारे 70 टक्के भूमी जंगलाखाली आहे आणि त्यातले पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे आहे. तरी कोणीही त्यात फिरावे, रानबोरे आणि अळंबी वेचावीत, अशी तिथली जुनी वहिवाट आहे. 1994 साली या वहिवाटीचा उल्लेख त्यांच्या राज्यघटनेतही केला गेला. मात्र कोणाच्या अंगणात शिरायचे नाही, उभ्या पिकाला हात लावायचा नाही, झाडाची फांदी किंवा साल काढायची नाही. दुसऱ्याला त्रास नको आणि नासधूस नको, एवढे पाळले की रान सर्वांचे. आपल्याकडे बांधावरची बोर दुसऱ्याने झोडपली तरी पंचायत बसते, हे मी तिथे सांगितले नाही.

त्या रानात पाइनच्या झाडांखाली गुडघ्याखालची, बारीक चकचकीत पानांची झुडपे असतात. त्यांना तुरीच्या दाण्याहून जरा मोठी लालभडक फळे लागतात. ती लिंगोन. चव आंबट, तुरट, शेवटी किंचित कडवट. आपल्या कच्च्या-पिक्या करवंदाची आठवण व्हावी अशी. पुढे दाते असलेला एक लहान डबा झुडपातून ओढायचा, की फळे आत येतात आणि पाने बरीचशी बाहेर राहतात. घरी येऊन वाऱ्यावर उरलासुरला पाला उडवायचा. थोडक्यात, उफणणीच ती.

भगिनींनो, पुढचे तुमच्यासाठी. या फळाचे ताजे लोणचे म्हणा, मुरंबा म्हणा, फारच सोपा आहे. एक किलो स्वच्छ फळांत सुमारे अर्धा किलो साखर घालायची आणि चुलीवर न ठेवता, साखर विरघळेपर्यंत नुसते ढवळत राहायचे. झाले. भरडलेल्या धान्याच्या लापशीबरोबर, बटाट्याबरोबर, मांसाच्या गोळ्यांबरोबर ते हिवाळाभर खातात. जुन्या काळी साखर महाग होती. तेव्हा बरणीत फळे भरून वर उकळून गार केलेले पाणी ओतीत, आणि तीही महिनोन् महिने टिकत. मी विचारात पडलो, बिनसाखरेची, बिनमिठाची फळे पाण्यात सडत कशी नाहीत? कारण असे, की लिंगोनमध्ये बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असते. बचत गटाच्या फळप्रक्रिया वर्गात सरबत टिकावे म्हणून आपण चिमूटभर सोडियम बेन्झोएट घालतो ना? त्याच घराण्यातले हे द्रव्य. प्रयोगशाळेत त्याची परीक्षा होण्याच्या कितीतरी आधी तिथल्या बायकांच्या हाताला ते ठाऊक होते. (करवंदाला हा नियम लावू नका. करवंदे पाण्यात ठेवलीत तर आंबून जातील.)

एक गोष्ट मात्र लपवीत नाही. दुकानात विकली जाणारी रानबोरे आता बहुतेक घरच्या माणसांनी वेचलेली नसतात. त्यासाठी थायलंडहून दरवर्षी मजूर येतात, आणि कबूल केलेली मजुरी न मिळाल्याच्या त्यांच्या तक्रारी अनेकदा झाल्या आहेत. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आजींच्या वडिलांचे जुने शेतघर जवळच होते. तेथे उतारात खणलेले, दगडांनी बांधलेले आणि वर माती टाकून गवत उगवू दिलेले एक तळघर पाहिले. बाहेर सारे गोठले तरी आत पाणी गोठत नाही, आणि उन्हाळ्यातही गारवा टिकतो. बटाटे, गाजरे, बरण्या यांचे ते कोठार. सफरचंदे मात्र लांब ठेवतात, कारण त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूने गाजरे कडू होतात. भाकरीचीही अशीच तजवीज असे. राय नावाच्या धान्याच्या पातळ, कडक भाकऱ्या वर्षातून दोनदाच भाजायच्या, एकदा सुगीनंतर आणि एकदा वसंतात. मध्ये भोक पाडून त्या आढ्याखालच्या काठीत ओवून ठेवायच्या. उंदीर पोचत नाही आणि दमट धरत नाही.

बटाट्याचीही गोष्ट ऐका. योनास आल्स्त्रोमर या गृहस्थाने 1724 साली गोथेनबर्गजवळच्या आलिंगसोस येथे तो लावला, पण लोक काही केल्या खाईनात. पुढे 1748 मध्ये एवा एकेब्लाड या बाईंनी बटाट्यापासून पीठ आणि मद्य करण्याची रीत दाखवली. त्याबद्दल त्यांच्या विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. हळूहळू बटाटा इतका रुजला, की तो काढायला मुले हवीत म्हणून शाळांना ऑक्टोबर अखेरीस 'बटाटा सुट्टी' मिळू लागली. आज मुले बटाटे काढत नाहीत, पण त्या आठवड्याची सुट्टी शरदाची सुट्टी म्हणून राहिली आहे.

सणांपैकी बाकीचे थोडक्यात सांगतो. ऑगस्टात अंगणात कागदी कंदील लावून नदीतल्या चिंगाट्यांची मेजवानी होते. 1907 मध्ये तिथल्या देशी चिंगाट्यांवर बुरशीचा रोग आला आणि ते झपाट्याने मरू लागले. म्हणून 1960 च्या दशकात अमेरिकेतून रोगाला दाद न देणारी जात आणली. ती जगली खरी, पण रोगाची वाहक निघाली आणि उरलेल्या देशी जातीच्याही मुळावर आली. बाहेरचे बियाणे आणताना काय पाहावे, हे आणखी वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरच्या 10 तारखेला दक्षिणेकडे स्कोने प्रांतात हंस शिजवतात. नोव्हेंबरच्या आरंभीच्या शनिवारी गावोगावच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. अंधारात ते सारे कब्रस्तान उजळलेले दिसते, असे मुलीने सांगितले.

4 ऑक्टोबर हा दालचिनीच्या गोड पावाचा दिवस. तो जुना नव्हे, 1999 साली सुरू झालेला. साखर आणि पीठ विकणाऱ्यांना तो सोयीचा आहे हे उघड आहे, पण आम्ही दोन-दोन पाव खाल्ले. पिठात भरडलेला वेलदोडा घालतात. त्याचे मूळ झाड आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे, हे मी आजींना ऐटीत सांगितले.

हे सगळे वैभव आज दिसते. पण 1867 च्या वसंतात तिथे बर्फ वेळेवर वितळले नाही, पेरण्या लांबल्या आणि पिके बुडाली. पुढच्या वर्षी दक्षिणेत अवर्षण पडले. लोकांनी झाडाच्या सालीचे पीठ धान्यात मिसळून भाकरी केली. त्या सुमारास आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेला निघून गेली. आजींच्या आजोबांचे दोन भाऊ त्यांतलेच. कान्सास राज्यात लिंड्सबोर्ग नावाचे गाव अशा लोकांनी 1869 मध्ये वसवले. तेथे 1941 पासून ऑक्टोबरात, एक वर्षाआड, पूर्वजांच्या स्मरणाचा उत्सव होतो. तिथल्या पुष्कळांना आता स्वीडिश बोलता येत नाही. पदार्थ मात्र येतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या शनिवारी रानात आजींनी पिवळ्याधमक अळंबी दाखवल्या. नाव कांतारेल. त्यांनी मुलांना ओणवे करून छत्रीची खालची बाजू पाहायला लावली. खाली सुट्ट्या पातळ पात्या नाहीत, तर देठावर उतरत गेलेल्या जाड वळ्या आहेत, हे बोटाने चाचपून घ्यायला लावले. आमच्या नातीने धावत जाऊन दुसरी एक तांबूस टोकदार अळंबी उपटून आणली. आजींनी ती टोपलीत पडू दिली नाही. ती होती मूत्रपिंड निकामी करणारी. तिचे विष लगेच कळत नाही, काही दिवसांनी लक्षणे दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो. शिजवूनही ते विष जात नाही. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पोरीला पुन्हा पाहायला लावले आणि मग तिचे हात पुसले.

(येथे तुम्हालाही बजावतो. पावसाळ्यात आपल्याकडे अळंबी खाल्ली जाते. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला नाही म्हणजे अळंबी खायला चांगली, ही समजूत साफ खोटी आहे. जी पिढ्यान् पिढ्या ओळखीची आहे तीच खा. शंका आली तर टाकून द्या.)

मग आजींनी मला सहज विचारले, "तुमच्याकडे हे कोणी शिकवले तुम्हाला?"

मुलीने भाषांतर केले आणि मी निरुत्तर झालो. माझे गाव मावळातले. माझी आई मृगाच्या पहिल्या पावसानंतर डोंगरावर जायची आणि ओटी भरून आणायची. मी ते खाल्ले. पुढे कृषी पदवीधर झालो, तीस वर्षे गावोगाव संकरित बियाणे आणि खतांच्या मात्रा सांगत फिरलो. ती काय आणते, कोठून आणते, कशावरून ओळखते, हे एकदाही विचारले नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली.

मी गप्प राहिलेला पाहून सौ. पुढे झाली. "अहो, सासूबाईंनी मला दाखवलंय की," ती म्हणाली, आणि मुलीकडे वळून, "सांग त्यांना. म्हणावं, शेवळं असतात, ती नुसती शिजवली तर घशाला खाजतात. त्यात काकडं घालावी लागतात. आणि भारंगीचा पाला दोनदा उकळून पाणी टाकायचं." शेवाळलेल्या दगडावर बसून ती अर्धा तास बोलत होती. टाकळा कोवळा कोणता, कुर्डू कधी निबर होतो, अळंबी कोणत्या वारुळाशी यायची. मुलगी भाषांतर करता करता थकली. आजी मधूनमधून मान डोलवीत होत्या. नात दोन आज्यांच्या मध्ये बसली होती. आणि मी, तालुक्याचा विस्तार अधिकारी, माझ्याच घरातली ही विद्या पहिल्यांदा ऐकत होतो.

परत आल्यावर खात्याची एक कोरी दैनंदिनी काढली. यंदा आषाढात दोन रविवार सौ.बरोबर डोंगरावर गेलो. ती पुढे आणि मी मागे वही घेऊन. अकरा भाज्या लिहून झाल्या आहेत. पान, मुळाचा वास, कोणत्या नक्षत्रात येते, कशाबरोबर शिजवायची, सारे तिच्या शब्दांत. फोटो मुलीला पाठवले. तिकडून नातीचा प्रश्न आला, "यातली कुठली उपटायची नाही?" सौ.ने दोन नावे सांगितली. ती दोन मात्र अजून मला दाखवलेली नाहीत. तोवर श्रावण लागला होता. आता पुढच्या मृगात दाखवीन म्हणते.