शेवटच्या मित्राचा वेग

पावसाळा संपत आला की सायकलवाल्या मित्रमंडळींत एक विषय हमखास निघतो : "या वर्षी डोंगरात जाऊ या!" आम्हा बराकपूरकरांना तर डोंगराची ओढ जरा जास्तच. बी. टी. रोडवर सायकल चालवा, नाहीतर धोबी घाटावरून फेरीबोटीने गंगा ओलांडून श्रीरामपूरला जा आणि जी. टी. रोड धरा, सगळीकडे सपाटीच. चढ लागलाच तर एखाद्या उड्डाणपुलाचा. त्यामुळे रविवारी शंभर किलोमीटर सहज मारणाऱ्या गटाला वाटतं, दार्जिलिंगही असंच गप्पा मारत गाठू. पण सपाटीवर एकत्र राहणारा गट घाटात फुटतो. हे आधी ओळखलं नाही, तर सहलीबरोबर मैत्रीलाही चरे पडतात.

असं का होतं? सपाट रस्त्यावर आपली खरी लढाई वाऱ्याशी असते. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवलं की वारा तो झेलतो आणि मागच्याची बरीच मेहनत वाचते. म्हणून कच्चा गडीही पक्क्यांबरोबर टिकतो. चढावर वेग उतरतो आणि वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे ज्याचं वजन त्यानेच वर न्यायचं असतं. मित्राच्या मागे राहून फारसं काही वाचत नाही. जो तो आपल्या दमाने चढतो आणि अंतर वाढत जातं.

सिलिगुडीहून दार्जिलिंगला जाणारी हिल कार्ट रोड घ्या. १८८१ साली सुरू झालेली छोटी रेल्वे याच रस्त्याच्या कडेकडेने वर जाते. गाडीला चढता यावं म्हणून चढ सौम्य ठेवलेला, सरासरी तीन-साडेतीन टक्के. रस्ता अवघड नाही, लांब आहे. सुकना सोडलं की घूमपर्यंत साधारण ६० किलोमीटर चढच चढ. घूम आहे २,२५८ मीटरवर. एक मित्र ताशी १० किलोमीटरने चढला तर त्याला सहा तास लागतील. दुसरा ७ ने चढला तर साडेआठ. वेगातला फरक तीनच किलोमीटरचा, पण वर पोचण्यात अंतर अडीच तासांचं! पहिला चहा पिऊन कंटाळलेला असतो, तेव्हा शेवटचा धुक्यात, थंडीत, संपत आलेल्या उजेडात एकटाच पायडल मारत असतो. काळजी करायची ती इथे.

म्हणून निघण्यापूर्वी एका संध्याकाळी एकत्र बसा आणि चार गोष्टी ठरवून टाका.

पहिली, एक दिवस वाढवा. कर्सियांगला मुक्काम केला की चढ दोन दिवसांत वाटला जातो आणि अडीच तासांचा फरकही विभागला जातो.

दुसरी, थांबायच्या जागा आधीच नक्की करा. या रस्त्यावर त्या आयत्या मिळतात. रंगटंग, तीनधारिया, महानदी, कर्सियांग, टुंग, सोनादा, घूम. प्रत्येक स्टेशनपाशी सगळे येईपर्यंत कुणी पुढे जायचं नाही. मधल्या टप्प्यात ज्याने त्याने आपल्या वेगाने चालवावं.

तिसरी, सर्वांत मागे कोण राहणार ते ठरवा. हा गटातला कच्चा गडी नको, अनुभवी हवा. पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप त्याच्याकडे द्या. पुढे गेलेल्याच्या पिशवीतला पंप मागच्याच्या काय कामाचा? जड सामान दमदार मित्रांनी वाटून घ्यावं. चढावर प्रत्येक किलो जाणवतो.

चौथी गोष्ट छोटी, पण सगळ्यात जास्त विसरली जाणारी. पुढे पोचलेले अर्धा तास टेकलेले असतात. शेवटचा मित्र धापा टाकत येतो, आणि त्याला पाहताच सगळे उठून हेल्मेट चढवतात! म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दोन-तीन स्टेशनं असं झालं की तो गप्प होतो, पुढच्या वर्षी "जमणार नाही" म्हणतो. तेव्हा नियम एकच : शेवटचा आला की घड्याळ लावायचं. त्याची दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

घूम गाठलं की दार्जिलिंगपर्यंत उतार. चढताना आलेला घाम उतारावर गार पडतो, म्हणून जाकीट वरच घाला. एकामागे एक, अंतर ठेवून उतरा. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको. इथली खास गोष्ट म्हणजे रेल्वेचे रूळ जागोजागी रस्ता ओलांडतात. ते तिरके पार करू नका. चाक अडकतं, आणि ओल्या रुळावर तर हमखास घसरतं. वेग कमी करून सरळ काटकोनात जा. भर पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा हा बेत नकोच.

आणि कुणाला मधेच थांबावंसं वाटलं तर? जीपमध्ये सायकल टाकून पुढे जाणं म्हणजे हार नव्हे, हेही आधीच मोकळेपणी बोलून ठेवा. फार मोठ्या सफरींतही हे घडलेलं आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारसी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. एक तेहरानहून परतला, दोघे अमेरिकेत वेगळे झाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये घरी पोचले. डिसेंबर १९२६ मध्ये आपल्या कोलकात्याहून चार मित्र निघाले. जग फिरून १९३७ मध्ये परतले ते एकटे बिमल मुखर्जी. जे मधे थांबले तेही हजारो किलोमीटर सोबत चालवूनच थांबले होते. सोबत तिथपर्यंतची, तीही खरीच.

महाराष्ट्रातल्या वाचकांना दार्जिलिंग लांब पडेल. त्यांनी हाच हिशोब पसरणी घाटात करून पाहावा. वाई ते पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण तिथेही ताशी दहा आणि सातच्या वेगात अर्ध्या तासाचं अंतर पडतं. एका सकाळची ती तालीम करा. कोण पुढे पळतो, कोण मागे राहतो आणि कोण थांबतो, हे तुम्हाला पाचगणीच्या पहिल्या चहापर्यंत कळलेलं असेल. मोठ्या सफरीला कुणाला मागे ठेवायचं, तेही तिथेच ठरवून टाका.