शेवटचं अपडेट कधीचं?

पावसाळ्यात ऑगस्ट उजाडला की आपल्या जिल्ह्यात एक आकडा फिरायला लागतो. जायकवाडी किती टक्के? चहाच्या टपरीवर तोच विषय, कॉलेजच्या ग्रुपवर तोच, मामाच्या स्टेटसलाही तोच. कोणी ४२ म्हणतं, कोणी ४६, आणि दोघांकडे चार्टचा स्क्रीनशॉट असतो. मग भांडण. बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात, फक्त एकाचा आकडा सकाळचा असतो आणि दुसऱ्याचा कालचा. स्क्रीनशॉट कापताना वेळ आणि तारीख नेमकी कापली गेलेली असते.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या बीसीए, कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये 'लाइव्ह डॅशबोर्ड' बनवताय, म्हणून आज याच विषयावर लिहितोय. हलणारी रेषा बघितली की परीक्षक खूश होतात, हे आम्हालाही माहीत आहे. पण ती रेषा हलते कशामुळे, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं सांगा, तुमच्या प्रोजेक्टमधली रेषा 'मॅथ रँडम'वर तर नाचत नाही ना? दर सेकंदाला एक मनमानी आकडा येतो, रेषा वरखाली होते आणि वर पाटी असते 'रिअल टाइम तापमान'. शिकताना एकदा चालेल. सादर करताना नाही.

आता तंत्राचं. चार्ट ताजा ठेवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. गिरणीत दळण टाकल्यावर तुम्ही दर पाच मिनिटांनी जाऊन "झालं का?" विचारता, ती पोलिंग. गिरणीवाला स्वतःच हाक मारतो, ते वेबसॉकेट. दुसरी पद्धत भारी वाटते म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. पण मुळात आकडा किती वेळाने बदलतो, हे आधी बघायचं असतं. आपल्या देशात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आधीच्या २४ तासांचा. असा आकडा दर सेकंदाला मागणं म्हणजे सर्व्हरला उगाच छळणं. दिवसातून दोन-चारदा विचारलं तरी पुरे.

नवीन आकडा आला की अख्खा चार्ट पुसून परत काढायचा नसतो. एक बिंदू उजवीकडे जोडायचा, एक डावीकडून काढायचा. जुने बिंदू काढलेच नाहीत तर तासाभरात ब्राउझर रडायला लागतो, आणि लॅबमधली जुनी मशिन्स तर त्याआधीच मान टाकतात. इथपर्यंत कुठलाही व्हिडिओ शिकवतो.

खरी मेख पुढे आहे. लाइट गेली, नेट गेलं, सेन्सर बंद पडला, तर रेषेचं काय करायचं? पुष्कळ जण रिकाम्या जागी शून्य भरतात. झालं! मोजलंच नाही आणि पाऊस पडलाच नाही, यातला फरक मिटला. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईची चर्चा त्या आकड्यावरून सुरू होते. राज्यात महावेध प्रकल्पाखाली २ हजारांहून जास्त मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली ती यासाठीच. मंठा किंवा घनसावंगीतल्या एखाद्या मंडळाच्या चार्टवर कोणी रिकाम्या जागी शून्य लिहिलं, तर ज्याचं सोयाबीन पाण्यात उभं आहे त्याला ते शून्य किती महागात पडेल? आकडा नसेल तर रेषा तुटू द्या. तुटलेली रेषा दिसायला वाईट असते, पण खोटं बोलत नाही.

आणि शून्य शून्यातही फरक असतो. जायकवाडीची टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. बोलीत त्याला जिवंत साठा म्हणतात, आणि तो साधारण २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ७६ टीएमसीच्या आसपास आहे. त्याच्या खाली २६ टीएमसीच्या घरात मृत साठा असतो. म्हणून धरण 'शून्य टक्के' झालं तरी नाथसागर कोरडा पडलेला नसतो. दुष्काळात त्या मृत साठ्यातलं पाणी उपसून लोकांनी तहान भागवलेली आहे. २०१२-१३ चा दुष्काळ तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, टँकरच्या रांगेच्या गोष्टी निघतील. तेव्हा चार्टवर शून्याची रेघ ओढताना ती कशाची आहे, हे शेजारी दोन शब्दांत लिहायला काय हरकत आहे?

वेळेचं महत्त्व पटत नसेल तर जालन्याचाच एक खटला वाचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांनी लागला. पुढे वाद गेला उमेदवारी अर्जावर. शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, दुपारी तीनच्या आत अर्ज आला की नंतर? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुराव्यात आलं. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचा नियम पक्का केला : मूळ यंत्र कोर्टासमोर नसेल तर त्यातल्या नोंदीची प्रत प्रमाणपत्रासकट हवी. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा निकाल आज देशभरातली लॉची मुलं वाचतात. राजकारण बाजूला ठेवा. यंत्राने नोंदवलेली वेळ आणि त्या नोंदीची हमी कोण घेतो, एवढ्यावर देशाचा कायदा स्पष्ट झाला, आणि तोही आपल्या गावातल्या भांडणातून.

आता बाजाराकडे येऊ. सोयाबीनच्या दराचा चार्ट समजा ४,२०० पासून ४,३०० पर्यंतच्या पट्टीवर काढला. ४० रुपये उतरले तरी रेषा विहिरीत पडल्यासारखी दिसते. तीच पट्टी शून्यापासून काढली तर हललेलं कळतही नाही. लाइव्ह चार्टमध्ये आणखी एक गंमत होते, पट्टी आपोआप बदलते. नवीन मोठा आकडा आला की सकाळचा डोंगर दुपारी टेकडी होतो. घरून फोन येतो, "बाळा, मोबाइलवर बघ रे, आज माल काढू का थांबू?" तुम्ही रेषा बघून "थांबा आबा, पडतोय" म्हणता. तुम्ही दर बघितला की उतार बघितला? बाजार समितीचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, आवक आणि तारीख, हे पाच आकडे वाचून सांगा. त्याला चार्ट लागतही नाही.

शेअर बाजाराच्या हिरव्या-लाल मेणबत्त्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. तूर्त एवढंच, की सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात वायदे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तीन वर्षांत तोट्यात निघाले. त्यांचे चार्ट अगदी सेकंदासेकंदाला ताजे होते.

चांगलं काम कसं दिसतं? तुम्ही शाळेत होतात तेव्हा, मार्च २०२० मध्ये, काही स्वयंसेवकांनी कोविड-१९ इंडिया हे पान उभं केलं. सरकारी पत्रकं, राज्यांचे बुलेटिन, मंत्र्यांचे ट्वीट असं सगळं माणसं वाचायची, तपासायची, शीटमध्ये भरायची आणि तिथून चार्ट हलायचे. प्रत्येक नोंदीला स्रोत होता, डेटा कोणालाही उतरवून घेता येत होता. वर्तमानपत्रं आणि संशोधक, सगळ्यांनी तो वापरला. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी अपडेट थांबवले, तेही दोन-अडीच महिने आधी सांगून. बंद पडलेलं पान 'लाइव्ह' म्हणून तसंच सोडून दिलं नाही.

आमचं म्हणणं सरकारी आणि कॉलेजच्या, दोन्ही डॅशबोर्डना लागू आहे. चार्टच्या खाली आकडा कुठून आला आणि शेवटचा कधी आला हे छापलंच पाहिजे. पान उघडल्याची वेळ तिथे चालणार नाही, मोजल्याची हवी. या दोन वेळा वेगळ्या असतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ठरलेल्या वेळेत नवीन आकडा आला नाही तर 'लाइव्ह'चा तो लुकलुकणारा हिरवा ठिपका आपोआप राखाडी व्हायला हवा. चार ओळींचा कोड आहे. प्रोजेक्ट तपासणाऱ्या सरांना आणि मॅडमना एक विनंती : तोंडी परीक्षेत मुलांच्या लॅपटॉपचं वायफाय एकदा बंद करा आणि रेषा काय करते ते बघा.