शिक्का आपला, खण दुसऱ्याचा

एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयातील मेजाचा खण उघडून पाहावा. आत अंगठ्याएवढी वीस-पंचवीस टोकने रबराने एकत्र बांधलेली दिसण्याचा संभव आहे. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि नावाखाली पिन क्रमांक! ही नावे असतात कंपन्यांच्या संचालकांची, कंत्राटदारांची, संस्थांच्या विश्वस्तांची. त्यांतील कित्येकांनी आपले टोकन स्वतःच्या हाताने संगणकाला कधी जोडलेलेही नसते. हेच सद्गृहस्थ कोऱ्या धनादेशावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती देण्यास मात्र कदापि तयार होणार नाहीत.

जुन्या मराठी राजपत्रांत आरंभी शिक्का उमटवीत आणि मजकूर संपेल तेथे मोर्तब करीत. आज्ञा कोणाची, हे शिक्का सांगे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हे मोर्तब सांगे. डिजिटल स्वाक्षरी नेमकी हीच दोन कामे करते. तिच्या मुळाशी गणिताने एकमेकींशी बांधलेल्या दोन किल्ल्या असतात. खाजगी किल्लीने स्वाक्षरी होते. सार्वजनिक किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. दस्तऐवजातील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी पडताळणी फसते. सार्वजनिक किल्ली चारचौघांत वाटण्यासाठीच असते; तीवरून खाजगी किल्ली शोधून काढणे आजच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य आहे. गणिताने आपली बाजू अशी भक्कम सांभाळली आहे. माणसाची बाजू मात्र त्या खणात पडून आहे.

कायद्याने या निष्काळजीपणाची गय केलेली नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे आणि ती उघड होऊ नये यासाठी सर्व उपाय योजणे, हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. किल्लीच्या सुरक्षिततेला बाध आल्यास त्याने प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याला विनाविलंब कळविले पाहिजे. कळवीपर्यंतचे दायित्व त्याचेच, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे खरे. परंतु पिन आपणच लिहून दिला असेल, तर 'ही सही माझी नव्हे' हे सिद्ध करताना तोंडाला फेस येईल.

"आमचा माणूस विश्वासाचा आहे," असे यावर उत्तर मिळते. असेलही. पण त्याच्या कार्यालयातील नवा कारकून, उद्या नोकरी सोडून जाणारा सहायक, दुरुस्तीस दिलेला संगणक, या साऱ्यांची हमी कोण देणार? शिवाय, काही विपरीत घडल्यास पहिला संशय त्या विश्वासाच्या माणसावरच येणार. त्याला अशा संकटात लोटणे हा कोठला स्नेह? फॉर्म त्याने भरावा, आकडे त्याने तपासावेत. स्वाक्षरीच्या क्षणी मात्र टोकन आपल्या हाती आणि पिन आपल्या स्मरणात असावा.

या विश्वासाची साखळी व्यक्तीपाशी संपत नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे लगोलग रद्द करावी लागली आणि गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारतीय प्रमाणन व्यवस्थेवर मर्यादा घातल्या. एका ठिकाणची ढिलाई संपूर्ण देशाच्या पतीला अशी बाधते. आज महाराष्ट्रातील शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्या कागदाचे मोलही अखेर संबंधित अधिकाऱ्याने आपली किल्ली किती जपली, यावरच अवलंबून आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. स्वाक्षरीच्या किल्लीची प्रत कोठेही नसावी. कारण दुसरी प्रत असली की स्वाक्षरी 'केवळ माझीच' राहत नाही. म्हणूनच ती टोकनाच्या आत निर्माण होते आणि बाहेर काढता येत नाही. टोकन हरवले तर जुने प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्यावे. पूर्वीच्या स्वाक्षऱ्यांना त्याने बाध येत नाही. मजकूर गुप्त ठेवण्यासाठी वापरलेल्या किल्लीचे मात्र नेमके उलट आहे. ती गेली, तर कुलूपबंद मजकूर मालकालाही कायमचा परका होतो. म्हणून तिची प्रत सुरक्षित तिजोरीत असली पाहिजे आणि प्रमाणपत्राची मुदत संपली तरी, जुने दस्तऐवज उघडण्यासाठी, ती जपली पाहिजे. हा भेद न कळल्याने कोणी सहीच्या प्रती वाटतो, तर कोणी गुप्त कागदांची एकुलती एक किल्ली हरवून बसतो.

शिस्त अवघड नाही. टोकन हाती येताच मूळचा पिन बदलावा. पिन कोठेही लिहून टोकनाबरोबर ठेवू नये, दूरध्वनीवरून सांगू नये. संस्थेत कोणाच्या नावे कोणते प्रमाणपत्र आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, याची नोंदवही असावी. पदाधिकारी बदलला की दप्तर आणि किल्ल्यांबरोबर जुन्या प्रमाणपत्राचा निकालही त्याच दिवशी लावावा. टोकन हरवल्यास शोधाशोध नंतर. आधी प्राधिकाऱ्याला लेखी कळवावे.

आपल्या वाडवडिलांनी शब्दासाठी नुकसान सोसले, पण सही मोडली नाही. ती सही आता अंगठ्याएवढ्या टोकनात मावते, म्हणून तिचे वजन घटलेले नाही. आपले टोकन आज कोणाच्या खणात आहे, एवढे तरी प्रत्येकाने आठवून पाहावे. आणि उद्या सकाळी जाऊन ते परत आणावे.