पाठ अभंग, अनोळखी वाट

सप्ताहात टाळकऱ्यांनी म्हणण्याऐवजी पेनड्राइव्हवरून भोंग्यावर लावल्या जाणाऱ्या हरिपाठाबद्दल या सदरात पूर्वी लिहिलं, तेव्हा घेतला गेलेला आक्षेप या आठवड्यात पालम भागात सप्ताहाच्या तयारीच्या बोलण्यात पुन्हा ऐकू आला: रेकॉर्डिंगमधला गायक आपल्या टाळकऱ्यांपेक्षा सुरेल असतो, मग बिघडलं कुठं? सुरेल असतो, मान्य. पण सुरेलपणा हे ऐकण्यातलं अर्धंच सुख. उरलेलं अर्धं पुढं काय येणार हे ठाऊक नसण्यात आहे, आणि पेनड्राइव्ह नेमकं तेच काढून घेतो.

वारकरी कीर्तन पाहा. निरूपणाला घेतलेला अभंग मांडवातल्या कितीतरी लोकांना तोंडपाठ असतो. शब्दांत नवं काहीच नाही. तरी महाराज बोलता बोलता एखादं प्रमाण उचलतात, पहिला चरण म्हणून थांबतात, आणि तो गायनाचार्यांच्या हाती जातो. ते कोणती चाल लावतील, भैरवीत जातील की मालकंसात, आवाज किती चढवतील, हे खुद्द महाराजांनाही आधी ठाऊक नसतं. मृदंगाचार्य चाल ओळखून ठेका धरतात. लय कधी वाढवायची ते गाणाऱ्याच्या आणि टाळकऱ्यांच्या रंगावरून तिथल्या तिथं ठरतं. मग सगळे मिळून समेवर येतात आणि मांडव डोलतो. सम येणार हे ठरलेलंच होतं. ती कोणत्या वाटेनं येणार, हे ठरलेलं नव्हतं. तोच अभंग भोंग्यावरून ऐका. चाल तीच, आलाप तेवढाच, तिहाई त्याच जागी. लोक गप्पा मारू लागतात, त्यात त्यांचा दोष नाही.

मग भीमसेन जोशींचे तेच अभंग लोक वर्षानुवर्षं का ऐकतात? प्रश्न रास्त आहे. उत्तर अपेक्षेत दडलेलं आहे. लेनर्ड मायर या अमेरिकी अभ्यासकानं १९५६ च्या पुस्तकात मांडलं, की संगीतातली भावना अपेक्षा उभी राहण्यातून आणि ती लांबण्या-मोडण्यातून जन्मते. २०१९ मध्ये व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी ७४५ लोकप्रिय अमेरिकी गाण्यांतल्या सुमारे ८०,००० कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांच्या, आधारे हे तपासलं. ऐकणाऱ्याची खात्री असताना भलताच कॉर्ड आला, किंवा कसलीच खात्री नसताना अपेक्षेतला आला, तर आनंद अधिक. आपल्याकडं कॉर्ड नाहीत, पण समेलाही हेच लागू पडतं असं माझं ठाम मत आहे. भीमसेनांच्या तानेची जागा आठवणीला ठाऊक असते; रागाची सवय लागलेला कान मात्र दर वेळी नेहमीच्या वाटेनं निघतो आणि ती तान त्याला वळवते. शिवाय ते रेकॉर्डिंग आपण आपल्या इच्छेनं लावतो. मांडवात ते लादलं जातं.

हरिपाठ ही मैफल नव्हे, भक्ती आहे, असंही म्हणतात. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग शतकानुशतकं गळ्यागळ्यांतून आले. गळ्यागळ्यानं चाल हलत गेली, भक्ती उणावली नाही. मृदंग वाजवणारे मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, पण त्यांना वाजवायची जागाच उरली नाही तर ते घडणार कसे?

सप्ताहाच्या समित्यांना एवढीच विनंती: महाप्रसादाच्या पंगती चालू असताना हवं तर रेकॉर्डिंग लावा. काकडा आणि हरिपाठ गावच्या भजनी मंडळाकडंच राहू द्या, आणि चाल लावायला शिकाऊ पोरांना पुढं करा.